तांदूळ एकच, मग उकड लवचिक आणि चकली खुसखुशीत कशी? स्वयंपाकातल्या स्टार्चचं गणित

एकाच पोत्यातल्या तांदळाच्या पिठाची मोदकाची पारी होते, पापडी होते आणि भाजणीत मिसळलं तर चकलीही होते. पारी ताणली जाते, पापडी तेलात चौपट फुलते, चकली दातांखाली मोडते. पीठ तेच असतं. फरक एवढाच, की उष्णता लागली तेव्हा त्याच्याजवळ पाणी किती होतं आणि नंतर ते किती वेळ थंड झालं. या दोन प्रश्नांची उत्तरं हाती आली की पाककृतीतली बरीचशी 'अंदाजे' संपतात.

स्टार्च, म्हणजे पिष्ट, धान्यात बारीक कणांच्या रूपात असतो. तांदळाचे कण फार लहान, साधारण ३ ते ८ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बटाट्याचे मोठे, काही तर १०० मायक्रॉनपर्यंत. कणाच्या आत दोन प्रकारच्या साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. सरळ असते ती अमायलोज, फांद्या फुटलेली ती अमायलोपेक्टिन. सुटसुटीत शिजणाऱ्या तांदळात अमायलोज जास्त असतं, मऊ आणि चिकट शिजणाऱ्यात कमी.

गार पाण्यात हे कण थोडं पाणी पितात आणि तळाशी बसतात. पाणी भरपूर असेल आणि तापमान ६०-७० अंशांच्या पुढे गेलं, की कण फुगतात, आतली रचना मोडते, अमायलोज बाहेर झिरपतं आणि पांढरं दुधाळ मिश्रण पारदर्शक, चिकट होतं. याला जिलेटिनायझेशन म्हणतात. आपण 'शिजणं' म्हणू. गव्हाचा स्टार्च ५५-६५ अंशांना शिजायला लागतो, ज्वारीचा त्यापेक्षा दहाएक अंश वर. पाणी कमी असेल तर मात्र हा आकडा खूप वर सरकतो. पिठात मुळात १०-१२ टक्केच ओलावा असतो. तेवढ्यावर ते १०० अंशांना तापवलं तरी आतला स्टार्च कच्चाच राहतो.

मोदकाची उकड

तांदळात ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला बांधून ठेवणारं प्रथिन, नाही, त्यामुळे गार पाण्यात मळलेलं पीठ एकजीव होत नाही. उकडीत आपण थोडा स्टार्च आधीच शिजवून घेतो आणि तोच उरलेल्या कच्च्या कणांना धरून ठेवतो.

तांदूळ आंबेमोहोर किंवा तसाच मऊ शिजणारा घ्या. दोन-तीनदा धुऊन, निथळून, सावलीत पंख्याखाली वाळवा आणि बारीक दळून आणा. धुतल्याने दाणा ठिसूळ होतो आणि पीठ मऊसूत येतं. कोरड्या, टणक तांदळाचं पीठ रवाळ राहतं. रवाळ पिठात पाणी मधोमध पोचत नाही, मग पारी कडेला फाटते.

१ वाटी पिठाला १ वाटी पाणी, चिमूटभर मीठ, १ चमचा तूप. जुना तांदूळ असेल तर पाणी २ चमचे वाढवा. नव्या तांदळाला तेवढं लागत नाही. पाणी खळखळून उकळल्यावर गॅस मंद करा, पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळा, घट्ट झाकण ठेवून २-३ मिनिटं वाफ काढा. गॅस बंद केल्यावरही १० मिनिटं झाकण काढू नका. या दहा मिनिटांत गाठींच्या आतलं पीठ पाणी ओढतं आणि शिजतं. घाईत इथेच चूक होते.

मग परातीत काढून, हाताला पाणी-तूप लावून, चटका सोसेल तितकं गरम असतानाच मळा. तूप चवीसाठी असतंच, पण अमायलोजच्या साखळ्या स्निग्धांशाला धरून ठेवतात आणि एकमेकींना कमी चिकटतात. म्हणून तूप घातलेली उकड बोटांना लडबडत नाही.

पाकळ्या फाटत असतील तर बहुतेकदा उकड गार झालेली असते. गार होताना साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि पीठ ताठ होतं. गोळा ओल्या कपड्याखाली ठेवा. ताठ झालाच तर २ मिनिटं वाफवून पुन्हा मळा, तो बराचसा परत येतो. गरम असतानाही फाटत असेल तर पाणी कमी पडलंय, गरम पाण्याचा हात लावत मळा. उलट, मोदक बसका होत असेल तर पाणी जास्त झालंय. त्यावर कोरडं पीठ घालण्याचा मोह आवरा. ते कच्चंच राहतं आणि खाताना पिठूळ लागतं. त्यापेक्षा उकड उघडी ठेवून वाफ जाऊ द्या. भरलेले मोदक १०-१२ मिनिटं वाफवले की उरलेला स्टार्चही शिजतो, पारीवर चमक येते.

ज्वारीची भाकरी आणि विरी गेलेलं पीठ

भाकरीतही तत्त्व तेच, फक्त स्टार्च अर्धवट शिजवायचा. २ वाट्या पिठाला साधारण १ वाटी उकळतं पाणी लागतं. आधी पाऊण वाटी पिठाच्या मध्यभागी ओता, चमच्याने कालवा, ५ मिनिटं झाकून ठेवा. मग उरलेलं कोमट पाणी लावत तळहाताच्या टाचेने रगडा. सगळ्या पिठाचा गोळा एकदम करून ठेवू नका. एका भाकरीपुरतं पीठ घ्या, मळा, थापा.

ताजं पीठ गार पाण्यातही थापता येतं. महिना-दीड महिना जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा सरतो आणि भाकरी परातीतच तडकते. अशा पिठाला उकळत्या पाण्याशिवाय इलाज नाही.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, त्यालाही कारण आहे. वरचा थर शिजण्याआधीच कोरडा पडला तर त्याला भेगा जातात आणि वाफ भेगांतून निसटते. ओला राहिलेला थर शिजून अखंड पापुद्रा होतो आणि तो वाफ कोंडून धरतो, म्हणून भाकरी फुगते. पाणी नुकतंच सुकत आलं की उलटायची. त्याआधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर तडे जातात.

भाजलेलं म्हणजे शिजलेलं नव्हे

चकलीच्या भाजणीबद्दलचा नेहमीचा गैरसमज असा, की भाजून धान्य शिजतं. कोरड्या कढईत तांदळाजवळ पाणीच नसतं. स्टार्चचे कण जवळजवळ जसेच्या तसे राहतात, फक्त ओलावा उडतो, डाळीतली प्रथिनं बदलतात आणि तापमान पुरेसं चढलं की लांब साखळ्या तुटून छोटे तुकडे होतात, ज्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. भाजणीचा किंचित गोडसर खमंगपणा थोडा या तुकड्यांचा, बराचसा प्रथिनं आणि साखर यांच्या तांबूस होण्याचा. तुकडे पाणी कमी धरतात आणि चिकटतही कमी, म्हणून भाजलेल्या पिठाचा पदार्थ हलका, खुसखुशीत होतो.

४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, शिवाय धणे-जिरे हे नेहमीचं प्रमाण चालेल. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजा. दाण्यांचा आकार आणि ओलावा वेगवेगळा असल्याने एकत्र भाजले तर उडीद करपेपर्यंत तांदूळ कच्चाच असतो. तांदूळ पांढराशुभ्र, हलका आणि कुरकुरीत झाला की थांबा. तांबूस होऊ दिला तर साखळ्या फार तुटतात, पिठाला धरून ठेवायला काही उरत नाही आणि सोऱ्यातून पडतानाच चकलीचे तुकडे होतात.

२ वाट्या भाजणीला २ वाट्या उकळतं पाणी, त्यातच २ मोठे चमचे तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा. भाजणी घालून झाकून ठेवा, कोमट झाल्यावर मळा. एकदा भाजलेल्या पिठाला इथे, दुसऱ्या टप्प्यात, पाण्यासह उष्णता मिळते आणि थोडा स्टार्च शिजून चकलीचा काटा टिकतो. तळणीचं तेल १६०-१७० अंशांवर ठेवा. पिठाचा कण टाकला तर लगेच वर यावा पण काळा पडू नये. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली बाहेर काढू नका, कारण बुडबुडे म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतंय. ते थांबण्याआधी काढलेली चकली गरम असताना कुरकुरीत वाटते आणि तासाभरात मऊ पडते. तेलात चकली विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळून पुन्हा मळा.

कुरडई: शुद्ध स्टार्च वेगळा काढण्याची घरगुती रीत

कारखान्यात गव्हाचा स्टार्च ज्या तत्त्वाने वेगळा काढतात, त्याच तत्त्वावर उन्हाळ्यात घरोघरी कुरडईचा चीक निघतो.

१ किलो गहू ३ दिवस भिजत घाला आणि पाणी रोज बदला. या काळात दाणा मऊ होतो, पाणी किंचित आंबतं आणि स्टार्चला धरून बसलेलं प्रथिनांचं जाळं सैल पडतं. पाणी बदललं नाही तर आंबणं हाताबाहेर जातं आणि तो उग्र वास तळलेल्या कुरडईतही राहतो. चौथ्या दिवशी वाटा, भरपूर पाण्यात कालवा, चोथा पिळून काढा, पुन्हा दोनदा धुऊन घ्या. सगळं दुधाळ पाणी पातळ कपड्यातून गाळा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी वर पिवळट पाणी आणि खाली घट्ट पांढरा चीक बसलेला दिसेल. पिवळं पाणी पूर्ण ओतून टाका. त्यात राहिलेली प्रथिनं आणि साखर तळताना तांबूस होतात; कुरडई पांढरीशुभ्र न येण्याचं नेहमीचं कारण हेच.

चीक वाटीने मोजा. जेवढा चीक तेवढंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळा, त्यात मीठ आणि हिंग घाला. मीठ हात राखून; शिजलेला चीक चाखून किंचित अळणीच लागला पाहिजे, कारण वाळल्यावर पाणी उडतं आणि मीठ जागेवर राहतं. आता एकाने चीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने सतत ढवळायचं. धार जाड झाली की गाठी होतात: गाठीचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट कवच बनतो आणि आतल्या कोरड्या कणांपर्यंत पाणी पोचू देत नाही. अशी गाठ नंतर कितीही शिजवली तरी फुटत नाही.

मध्यम आचेवर १०-१५ मिनिटं, मग झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटं वाफ. रंग दुधी पांढऱ्यावरून काचेसारखा झाला आणि ओलं बोट लावल्यावर बोटाला चिकटला नाही की चीक झाला. पांढरे ठिपके दिसत असतील तर थांबू नका. कच्चा कण वाळून तळल्यावर कडक टिपक्यासारखा दाताखाली येतो.

चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडा. थंड झाला की घट्ट होऊन धार तुटते. कडक उन्हात २-३ दिवस, मध्ये एकदा उलटून वाळवा. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की कुरडई काचेसारखी कटकन मोडते. चांगल्या तापलेल्या तेलात, १८०-१९० अंशांना, ही काच क्षणभर मऊ पडते, आत उरलेलं पाणी वाफ होऊन तिला फुलवतं आणि पाणी संपताच ती त्याच आकारात पुन्हा कडक होते. तेल कमी तापलेलं असेल तर वाफ हळूहळू निसटून जाते, कुरडई फुलत नाही आणि तेल पिते. नीट न वाळलेली कुरडई मध्यभागी चिवट राहते.

पापड्या आणि चिकवड्या यांच्यामागेही हेच चालतं: पूर्ण शिजवा, पूर्ण वाळवा, मग एकदम तापवा.

साबुदाणा

साबुदाणा टॅपिओकाचा, म्हणजे कसावाच्या कंदाचा स्टार्च. भारतात तो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात होतो. ओलसर स्टार्चचे गोळे करून तापल्या पत्र्यावर भाजतात, त्यामुळे बाहेरचा थर शिजलेला आणि आतला बराचसा कच्चा असतो. खिचडीचं यश या आतल्या भागाला पुरेसं पाणी मिळण्यावर आहे.

हलक्या हाताने २-३ वेळा धुवा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. दाण्यांवरची भुकटी राहिली तर कढईत तिचीच खळ होते. १ वाटी साबुदाण्याला पाऊण वाटी पाणी घालून ४-५ तास झाका. दाणा चिमटीत दाबला की पूर्ण चपटा व्हावा, मध्ये कण लागू नये. कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. पाणी साचलेलं दिसलं तर चाळणीत निथळा. तसंच कढईत टाकलं तर गोळा ठरलेलाच. दाण्याचं कूट आधीच कालवा, त्यातलं तेल दाण्यांवर पातळ थर धरतं. कढईत दाणे पारदर्शक झाले की लगेच उतरवा. वडे तेलात फुटतात ते मात्र भिजवण्यात कसर राहिल्यामुळे.

चिवड्याच्या नायलॉन साबुदाण्यात स्टार्च आधीच वाफवून वाळवलेला असतो, म्हणून तो कोरडाच तळला तरी फुलतो. साधा साबुदाणा तसाच तेलात टाकला तर खडाच राहतो.

पोहे आणि मुरमुरेही आधीच शिजवलेले. पोह्यांसाठी भात, म्हणजे सालीसकट धान, भिजवून, तापवून, गरम असतानाच चपटा करतात. घरी फक्त ओलावा द्यायचा. जाड पोहे चाळणीत धुऊन १० मिनिटं निथळले की झालं, पाण्यात बुडवून ठेवले तर लगदा. कोकणातला उकडा तांदूळ सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवलेला. शिजलेला स्टार्च वाळताना दाणा टणक करतो, म्हणून तो भरडताना कमी मोडतो, शिजायला जास्त वेळ आणि पाणी घेतो आणि तरी मोकळा राहतो. पेजेसाठी हाच का, हे यावरून कळावं.

थंड झाल्यावर काय होतं

शिजलेल्या साखळ्या थंडीत पुन्हा एकमेकींजवळ सरकतात आणि पाणी बाहेर टाकतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. अमायलोज काही तासांत आखडतं, अमायलोपेक्टिनला दिवस लागतात. हा वेग सर्वात जास्त असतो तो फ्रिजच्या, म्हणजे ४ अंशांच्या आसपास. म्हणून ब्रेड फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. टिकवायचाच असेल तर फ्रीझरमध्ये ठेवा आणि थेट भाजा. अमायलोपेक्टिनची गुंफण ६० अंशांच्या आसपास सुटते, म्हणून शिळी पोळी तव्यावर मऊ होते. अमायलोजची सुटायला १२० अंशांहून जास्त लागतात, त्यामुळे पहिल्यासारखी मात्र होत नाही.

फोडणीच्या भाताला हेच आखडणं हवं असतं. ताजा भात परतला की दाणे मोडतात. भात शिजल्यावर परातीत पसरा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी हाताने मोकळा करून परता. रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

थंड केलेल्या भातातला काही स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, हे खरं. पण प्रमाण शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅमच्या घरात. त्यावर विसंबून मधुमेही माणसाने दुप्पट भात खाऊ नये.

रस्सा, कढी, खीर

१ वाटी रशाला १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, गार पाण्यात कालवून. उकळी आल्यावर मिनिटभर पुरे. जास्त उकळलं, घोटलं की फुगलेले कण फुटतात आणि आळून आलेला रस्सा पुन्हा पातळ होतो. चिंच किंवा टोमॅटो असेल तर लवकरच, कारण आम्ल साखळ्या तोडतं. आंबट शेवटी घाला. बाटलीबंद सॉसच्या लेबलवर आयएनएस (खाद्यपदार्थांत मिसळलेल्या घटकांचे क्रमांक) १४२२ किंवा १४४२ दिसतं, तो आम्ल आणि उष्णतेत टिकावा म्हणून रासायनिक प्रक्रिया केलेला स्टार्च. कढीला बेसन लावतात ते दाटपणाबरोबर ताक फुटू नये म्हणूनही; शिजलेला स्टार्च दुधाच्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही.

खिरीत साखर पाणी स्वतःकडे ओढते आणि स्टार्च शिजण्याचं तापमान वाढवते. तांदूळ बोटाने चिरडेपर्यंत साखर घालू नका.

बटाटा

वड्याच्या सारणासाठी उकडलेला बटाटा हाताने कुस्करा किंवा किसा. मिक्सर कधीच नाही. पात्याने पेशी फुटतात, शिजलेला स्टार्च बाहेर येतो आणि सारणाचा डिंक होतो. उकडून पूर्ण गार झालेला बटाटा किसायला सोपा, कारण तोवर स्टार्च थोडा आखडलेला असतो.

वेफर्ससाठी २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाणी निवळ येईपर्यंत धुवा, उकळत्या पाण्यात ३-४ मिनिटं ठेवा, मग वाळवा. आणि बटाटे फ्रिजमधले नकोत. थंडीत बटाटा स्टार्चची साखर करतो. तेलात अशा चकत्या कुरकुरीत होण्याआधीच काळपट पडतात, शिवाय त्यांत ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं. फ्रिजसारख्या थंडीत ठेवलेले बटाटे आणलेच असतील तर आठ-दहा दिवस अंधाऱ्या, हवेशीर जागी बाहेर ठेवा. बरीचशी साखर कमी होते. आधी दोन चकत्या तळून रंग पाहा.